आयरिशमधले रोजचे वाक्प्रचार शिकायचे कसे: मराठी घरासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. डब्लिनमध्ये राहणाऱ्या एका मराठी घरातली मुलगी प्राथमिक शाळेत आयरिश शिकते. शाळेतून आलेली वाक्यं ती पाठ करते, पण त्यातला एक शब्द बदलला की अडते. घरात दुसऱ्या कुणालाच आयरिश येत नाही. आईवडिलांनी इंग्रजी अर्थासह वाक्प्रचारांची यादी घोकावी का, आणि घरी रोज नेमकं काय करावं?

यादी घोकू नका, आणि इंग्रजीतून आत शिरू नका. आयरिशचे रोजचे वाक्प्रचार सुटे नसतात. पाच-सहा छोट्या शब्दयोगी शब्दांभोवती ते गुंफलेले असतात आणि त्या शब्दांचं काम आपल्या ‘ला’, ‘कडे’, ‘त’ यांच्या फार जवळचं आहे. इंग्रजीत ‘मी भुकेला आहे’ अशी बांधणी असते. मराठीत भूक मला लागते आणि आयरिशमध्ये ती माझ्यावर असते. मराठी माणसाला हा विचार शिकावा लागत नाही, नुसता ओळखावा लागतो. घरात मराठी असणं ही इथे मुलीची मोठी जमेची बाजू आहे.

आधी उच्चारांचं थोडं. खाली आयरिश वाक्यं देवनागरीत, साधारण पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनमाराकडच्या बोलीच्या वळणाने लिहिली आहेत. वहीतलं आयरिश स्पेलिंग बरंच लांब दिसेल, कारण त्यातले बरेच स्वर उच्चारासाठी नसून शेजारचं व्यंजन कसं म्हणायचं ते सांगण्यासाठी असतात. बहुतेक व्यंजनांची दोन रूपं असतात: ‘ल्याहन’ म्हणजे रुंद आणि ‘कील’ म्हणजे बारीक. रुंद ‘त’ हा दातांवरचा, थेट आपल्या ‘ताक’मधला. इंग्रजी बोलणारी मुलं तिथे ‘ट’कडे झुकतात, आपल्या मुलीने तसं करायचं कारण नाही. बारीक ‘त’ हा ‘चिमणी’तल्या ‘च’च्या जवळ जातो (‘चमचा’तला ‘च’ नव्हे), बारीक ‘द’ हा ‘जिरे’तल्या ‘ज’च्या जवळ, आणि बारीक ‘स’ म्हणजे ‘श’. ‘ख़’ आणि ‘ग़’ खाली टिंब देऊन लिहिले आहेत तिथे हवा घशात घासत बाहेर काढायची. हे दोन ध्वनी मात्र सराव करूनच येतात. मराठी ‘ख’ म्हटला तर ऐकणाऱ्याला ‘क’ ऐकू येतो आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे अर्थ बदलतो.

आता मुख्य मुद्दा. सर्वांत आधी ‘एर’ हा शब्द घ्या. त्याचा अर्थ ‘वर’. सर्वनामाला तो जोडला जातो तेव्हा एकच शब्द बनतो: ‘ऑरम’ माझ्यावर, ‘ऑर्त’ तुझ्यावर, ‘एर’ त्याच्यावर, ‘उर्ही’ तिच्यावर, ‘ऑरिन’ आमच्यावर, ‘ऑरिव’ तुमच्यावर, ‘ऑर्हू’ त्यांच्यावर. आपण ‘मी’ आणि ‘ला’ मिळून ‘मला’ करतो, तसंच. ही सात रूपं पाढ्यासारखी पाठ हवीत. पाठांतर एवढ्यापुरतंच ठेवा, बाकी सगळं वापरातून येतं.

आता ‘तॉ’ (आहे) आणि ‘ऑरम’ यांच्यामध्ये शब्द बदलत जा. ‘तॉ ऑक्रस ऑरम’ म्हणजे मला भूक लागली आहे. ‘तॉ तार्त ऑरम’, मला तहान लागली आहे. ‘तॉ कॉला ऑरम’, मला झोप आली आहे. ‘तॉ फ्यारग ऑरम’, मला राग आला आहे. ‘तॉ आग्ला ऑरम’, मला भीती वाटते. ‘तॉ नॉर्‍ये ऑरम’, मला लाज वाटते. ‘तॉ जेफिर ऑरम’, मला घाई आहे. ‘तॉ स्लाइदॉन ऑरम’, मला सर्दी झाली आहे. माफी मागताना म्हणतात ते ‘तॉ ब्रोन ऑरम’ याच साच्यातलं: दुःख माझ्यावर आहे, म्हणजे मला वाईट वाटतंय. मराठीत प्रत्येक ठिकाणी क्रियापद वेगळं, लागणे, येणे, वाटणे, होणे. आयरिशमध्ये सगळीकडे एकच ‘तॉ’. म्हणजे मराठी माणसाला इथे कमीच करायचं आहे.

याच साच्यात एक सुंदर गोष्ट आहे. मराठीत ‘मला भूक लागली’ आणि ‘मला जावं लागलं’ या दोन्हींत ‘लागणे’ असतं. गरज शरीराची असो की परिस्थितीची, ती आपल्याला येऊन लागते. आयरिशही दोन्हीसाठी ‘ऑरम’च वापरतं. ‘तॉ ऑरम इम्याख़्त’ म्हणजे मला निघावं लागेल, शब्दशः ‘निघणं माझ्यावर आहे’. मुलीला हे एकदा दाखवलं की सक्ती सांगणारी वाक्यं तिला वेगळी शिकवावी लागत नाहीत.

भावना बाहेरून कुणी आणली तर ‘घातली’ म्हणायचं. ‘ख़ुइर शे फ्यारग ऑरम’, त्याने माझ्यावर राग घातला, म्हणजे त्याने मला राग आणला. इंग्रजीतून येणारी मुलं ‘त्याने मला रागीट केलं’ अशी रचना करतात आणि ती कानाला लगेच खटकते. आणि कुणी हिरमुसलेलं दिसलं तर विचारायचं ‘केर्द अतॉ ऑर्त?’ शब्दशः ‘तुझ्यावर काय आहे?’, म्हणजे तुला काय झालंय.

दुसरा शब्द ‘एग’, म्हणजे ‘जवळ, कडे’. रूपं: ‘अगम’, ‘अगत’, ‘एग्ये’ (त्याच्याकडे), ‘एकी’ (तिच्याकडे), ‘अगिन’, ‘अगिव’, ‘अकू’. आयरिशमध्ये ‘बाळगणे’ या अर्थाचं इंग्रजीसारखं क्रियापद नाही, मराठीतही रोजच्या बोलण्यात आपण ते वापरत नाही. ‘तॉ कार अगम’, माझ्याकडे गाडी आहे. इथे एक सावधगिरी. आपण वस्तूंना ‘माझ्याकडे’ आणि माणसांना ‘मला’ म्हणतो: मला दोन मुलं आहेत. आयरिशमध्ये माणसांनाही ‘अगम’च: ‘तॉ बेर्च फॉश्ची अगम’. मराठीच्या सवयीने तिथे ‘ऑरम’ म्हटलं तर मुलं म्हणजे दुखणं असल्यासारखं ऐकू येतं.

ज्ञानही ‘जवळ’ असतं. मराठीत ‘मला आयरिश येतं’ म्हणतो, ते आयरिशमध्ये ‘तॉ गेल्ग्ये अगम’. आणि ‘माहीत असणे’ या एकाच कल्पनेचे तीन कप्पे आहेत, जे इंग्रजी एका क्रियापदात कोंबतं. वस्तुस्थिती ठाऊक असेल तर ‘तॉस अगम’, नसेल तर ‘नील्स अगम’. माणसाशी ओळख असेल तर ‘तॉ आह्न्ये अगम एर’ आणि पुढे त्याचं नाव. विषयाची किंवा जागेची माहिती असेल तर ‘तॉ ओलस अगम एर’. ठाऊक, ओळख, माहिती: आपले तीन शब्द जवळजवळ नेमके बसतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हा फरक वर्षानुवर्षं सतावतो, तुमच्या मुलीला तो एका संध्याकाळी कळू शकतो.

मग ‘ऑरम’ कुठे आणि ‘अगम’ कुठे? ढोबळ ओळख अशी: येऊन जाणारी, आपल्यावर ओढवणारी अवस्था ‘ऑरम’. मनात धरून ठेवलेली आणि कुणाकडे तरी वळलेली भावना ‘अगम’. म्हणून भूक, राग, लाज, ताप हे ‘वर’. प्रेम, आदर, विश्वास, आवड हे ‘जवळ’, आणि ते ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासाठी वाक्यात आणखी एक शब्दयोगी शब्द येतो. ‘तॉ ग्रॉ अगम ग़िच’, माझं तुझ्यावर प्रेम आहे. ‘तॉ म्यास अगम ऑर्त’, मला तुझ्याबद्दल आदर आहे. ‘आशा आहे’ यासाठीचं ‘तॉ सूल अगम’ लक्षात ठेवायला सोपं जाईल, कारण ‘सूल’ म्हणजे डोळाही. आपण वाटेकडे डोळे लावून बसतो, तेच.

तिसरा ‘ले’, म्हणजे ‘सोबत’: ‘ल्युम’, ‘ल्यात’, ‘लेश’, ‘ले’, ‘लिन’, ‘लिव’, ‘ल्यो’. आवड-निवड याच्यावर चालते, आणि इथे ‘तॉ’ नसून ‘इस’ येतो. ‘इस मा ल्युम ते’, मला चहा आवडतो. ‘इस फ्यार ल्युम’, मला त्यापेक्षा हे बरं वाटतं. ‘इस कुमा ल्युम’, मला काही फरक पडत नाही. ‘बा वा ल्युम कुपॉन ते’, मला कपभर चहा आवडेल, ही मागण्याची सभ्य पद्धत. ‘इस’ लिहिलेला इंग्रजी शब्दासारखा दिसतो म्हणून मुलं त्याचा ‘इज़’ करतात. तो आपला साधा ‘स’ आहे. शब्दयोगी शब्द बदलला की अर्थही बदलतो: ‘इस मा दम ते’ म्हणजे चहा माझ्यासाठी चांगला असतो, मग तो आवडो न आवडो.

मालकीही ‘ले’नेच सांगतात. पुस्तक माझ्याकडे आहे, ‘तॉ अन ल्याउर अगम’. पुस्तक माझं आहे, ‘इस ल्युमसा अन ल्याउर’. वाचनालयातून आणलेलं पुस्तक पहिल्यात बसतं, दुसऱ्यात नाही. त्या ‘ल्युमसा’तल्या शेवटच्या ‘सा’कडेही लक्ष द्या. आयरिश माणूस सर्वनामावर नुसता आवाज चढवून जोर देत नाही, तो शेपूट लावतो, जसं आपण ‘मीच’, ‘माझंच’ म्हणतो.

‘जमणे’ यासाठी मराठीत किती नेमका शब्द आहे पाहा. ‘मला जमलं’ याला आयरिशमध्ये ‘जेरी ल्युम’ म्हणतात, शब्दशः ‘माझ्यासोबत ते उठलं’. जमलं नाही तर ‘हेप ऑरम’. यश सोबत येतं आणि अपयश अंगावर. याच क्रियापदातून शुभेच्छा निघते: ‘ग नेरी ल्यात’, तुला जमो, यश येवो. प्रवासाला निघणाऱ्याला ‘ग नेरी अन बोहर ल्यात’ म्हणतात. त्याचं इंग्रजी भाषांतर ‘रस्ता उठून तुझ्या भेटीला येवो’ असं कॉफीच्या मगांवर आणि पोस्टरांवर जगभर छापलं जातं. ते चुकीचं आहे, कारण इथे उठण्याचा अर्थ यश येणं हाच आहे. प्रवास सुखरूप होवो, एवढंच त्यात म्हटलं आहे. इंग्रजीतून शिकल्यावर काय निसटतं त्याचं हे ठळक उदाहरण.

उरलेले दोन शब्दयोगी थोडक्यात. ‘ओ’, म्हणजे ‘पासून’, हवं असलेलं सांगतो: ‘तॉ ते ऊइम’, मला चहा हवाय. ‘इ’, म्हणजे ‘मध्ये’, स्थिती सांगतो आणि तो आपल्या ‘त’ प्रत्ययासारखा आहे. ‘तॉ कॉला ऑरम’ म्हणजे झोप आली आहे, पण ‘तॉ शे इना ख़ॉला’ म्हणजे तो झोपेत आहे, शब्दशः ‘तो त्याच्या झोपेत आहे’. राहण्याचंही असंच: ‘तॉ मे इ मो ख़ोनी’, मी माझ्या वस्तीत आहे, म्हणजे मी राहतो, आणि पुढे गावाचं नाव. यातलं ‘माझ्या, तुझ्या, त्याच्या’ माणसाप्रमाणे बदललंच पाहिजे. तो राहतो ‘इना ख़ोनी’, ती राहते ‘इना कोनी’, ते राहतात ‘इना गोनी’. शब्द ‘कोनी’ एकच, पण पहिल्या ध्वनीवरून कळतं की तो, ती की ते. ‘ख़’ नीट न काढल्यास तो तिच्यात बदलतो, असं वर म्हटलं ते यासाठी.

शब्दाची सुरुवात बदलणं ही नव्या विद्यार्थ्याला सर्वांत विचित्र वाटणारी गोष्ट. मराठी घरात ती समजावणं सोपं आहे. ‘घर’ला ‘ला’ लावताना आपण ‘घराला’ म्हणतो, शब्दाचा शेवट बदलतो, त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. आयरिशमध्ये तसाच बदल शब्दाच्या डोक्याला होतो. दोन तऱ्हा आहेत. ‘शेव्हू’ म्हणजे मऊ करणं: ‘क’चा ‘ख़’, ‘ब’ किंवा ‘म’चा ‘व’, ‘प’चा ‘फ’, ‘त’ आणि ‘स’चा ‘ह’. लिहिताना व्यंजनापुढे एच येतो. ‘उरू’ म्हणजे झाकणं: ‘क’वर ‘ग’ बसतो, ‘ब’वर ‘म’, ‘त’वर ‘द’. लिहिताना दोन्ही अक्षरं लिहितात आणि पहिलंच उच्चारतात. हाक मारतानाही डोकं मऊ होतं: ‘मॉर्‍ये’ नावाच्या मैत्रिणीला ‘अ वॉर्‍ये’ अशी हाक, ‘शॉन’ला ‘अ ह्यॉइन’. वर्गात शिक्षिका वेगळंच नाव घेते असं मुलीला वाटत असेल तर कारण हेच. नियमांचा तक्ता आत्ता भिंतीवर लावू नका. वाक्प्रचार ऐकून ऐकून पाठ झाला की बदल त्याच्यासोबत येतो, आणि नियम नंतर वाचताना तो ओळखीचा वाटतो.

मराठीचा आणखी एक फायदा. आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ यांना सरळ शब्द नाहीत. उत्तरात प्रश्नातलं क्रियापदच परत येतं. ‘अर इह तू?’, जेवलास का? ‘जिह’, जेवलो. किंवा ‘निर इह’, नाही जेवलो. आपणही ‘जेवलास का?’ला ‘जेवलो’च म्हणतो. ‘अन विल तू तुर्शख़?’, दमलीस का? उत्तर ‘तॉ’ किंवा ‘नील’. ‘अन दिग्यन तू?’, समजतंय का? ‘तिगिम’ किंवा ‘नी हिगिम’. ‘अन मा ल्यात ते?’ ‘इस मा’ किंवा ‘नी मा’. घरात हा खेळ रोज खेळता येतो, कारण उत्तराचं निम्मं सामान प्रश्नातच असतं.

मराठी मोजणीही कामाला येते. वस्तू वेगळ्या आणि माणसं वेगळी मोजायची सवय आपल्याला आहे: दोन खुर्च्या, पण दोघे भाऊ. आयरिशमध्ये ‘बेर्च’ म्हणजे दोघे, ‘त्रूर’ तिघे, ‘क्याहरर’ चौघे, मग ‘कूगर’, ‘शेशर’, ‘शाख़्तर’, ‘ऑख़्तर’, ‘नीनूर’, आणि दहा जण म्हणजे ‘जेन्यूर’. आपण चौघांवर थांबून पाच जण म्हणू लागतो, ते तसेच दहापर्यंत जातात.

जिथे मराठी पायात येते त्या जागाही सांगायला हव्यात. पहिली जागा ‘आहे’. मराठीत ती शिक्षिका आहे आणि ती दमलेली आहे, दोन्हींत ‘आहे’. आयरिशमध्ये दमलेली असणं ‘तॉ’, पण शिक्षिका असणं ‘इस’: ‘इस मून्चोर मे’, मी शिक्षिका आहे. ‘तॉ मे मून्चोर’ ही चूक मोठी माणसंही करतात. ओळख म्हणजे ‘इस’, अवस्था म्हणजे ‘तॉ’. दुसरी जागा आदर. आपण आजींना ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणून मुलगी एकट्या शिक्षिकेला अनेकवचनी ‘शिव’ म्हणेल, किंवा आभार मानताना ‘ग रेव मा अगिव’ म्हणेल. आयरिशमध्ये एका माणसाला ‘तू’च, मग ती मुख्याध्यापिका का असेना. एका व्यक्तीचे आभार ‘ग रेव मा अगत’, म्हणजे ‘तुझ्याजवळ चांगलं असो’. दोघं असली तरच ‘अगिव’. तिसरी जागा क्रम: आयरिशमध्ये क्रियापद सर्वांत आधी, मराठीत सर्वांत शेवटी. याला उपाय सरावच. वाक्य सुरू करतानाच ‘तॉ’ किंवा ‘इस’ तोंडातून बाहेर काढायची सवय लावा.

अभिवादनं. ‘जीअ ग़िच’ म्हणजे देव तुला असो. उत्तरात तेवढंच परत करत नाहीत, एक भर घालतात: ‘जीअ स मुइर ग़िच’, देव आणि मेरी तुला असोत. धर्माचा संकोच वाटायचं कारण नाही. आपलं ‘रामराम’ जसं नामस्मरण म्हणून म्हटलं जात नाही, तसंच हे. कसं काय याच्या तीन बोली आहेत आणि तिन्ही कानावर पडतील: दक्षिणेला मन्स्टरमध्ये ‘कनस तॉ तू?’, पश्चिमेला कॉनाख्टमध्ये ‘के ख़ी विल तू?’, उत्तरेला अल्स्टरमध्ये ‘कजे मर अतॉ तू?’. शाळेची शिक्षिका जी बोली बोलते ती मुलीची बोली ठेवा आणि बाकी दोन फक्त ओळखता आल्या तरी पुरे. उत्तर देऊन झाल्यावर ‘अगस तू फेन?’ (आणि तू स्वतः?) म्हणायला विसरू नये. पुढचा प्रश्न बहुधा ‘एन श्केल?’, शब्दशः ‘काही गोष्ट?’, आपलं ‘काय विशेष?’.

निरोपात दोन रूपं आहेत. जाणाऱ्याला ‘स्लॉन ल्यात’ (क्षेम तुझ्यासोबत), मागे राहणाऱ्याला ‘स्लॉन अगत’ (क्षेम तुझ्याजवळ). घरी परतणाऱ्याला ‘स्लॉन अवाल्ये’. कोण निघालंय ते बघून बोलायचं. जाणाऱ्याने ‘येतो’ म्हणायचं असतं हे ज्या घरात कळतं तिथे हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

काही छोटे शब्द बोलणं जिवंत करतात आणि पाठ्यपुस्तकात मागे पडतात. ‘क्यार्त ग ल्योर’, ठीक आहे. ‘दॉरीरे?’, खरंच? ‘दर नोय’, अर्थातच. ‘एर एन नोस’, ते असो. ‘मा हू!’, शाब्बास. आणि ‘मर या’, ज्याला मराठीत ‘म्हणे’ हाच शब्द शोभतो: आजारी आहे म्हणे, म्हणजे आपला त्यावर विश्वास नाही. काम करणाऱ्याजवळून जाताना ‘बाल ओ यिया एर अन ऑबर’, कामावर देवाची कृपा असो. कुणी छान गायलं किंवा काही चांगलं केलं तर ‘मो ख़्योल हू!’, शब्दशः ‘माझं संगीत तू’. रंगीत वाक्प्रचारांत पावसाचा एक शिकवाच, कारण आयर्लंडमध्ये त्याला काम कमी पडत नाही. साधा पाऊस ‘तॉ शे अ कुर बॉश्ची’. आपला मुसळधार पाऊस तिथे चांभाराच्या सुऱ्या फेकतो: ‘तॉ शे अ काहव श्क्याना ग्रेसी’. सगळं मजेत चाललेला माणूस ‘एर वुइन ना मुइक्ये’, डुकराच्या पाठीवर असतो. म्हणींच्या मोठ्या याद्या मात्र पहिलं वर्षभर बाजूला ठेवा. त्या बोलण्यात क्वचित येतात आणि त्यांच्यातलं व्याकरण जुनं असतं.

घरचा रोजचा सराव वीस मिनिटांचा पुरतो, पण तो रोज हवा. आठवड्याला एकच शब्दयोगी घ्या, पहिले दोन आठवडे ‘एर’ला द्या. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला आयरिश. इंग्रजी कुठेच नको. रोज नवी कार्डं तीन, त्याहून जास्त नाहीत. मग एकच वाक्य फिरवायचं. आधी सात माणसांत: मला भूक, तुला भूक, त्याला भूक. मग तीन काळांत: ‘तॉ’ आहे, ‘वी’ होती, ‘बेय’ असेल. मग नकार आणि प्रश्न: ‘नील, नी रेव, नी वेय’ आणि ‘अन विल, अन रेव, अन मेय’. सात माणसं, तीन काळ आणि होकार-नकार-प्रश्न मिळून एका वाक्याची 63 वाक्यं होतात. शाळेतून आलेलं वाक्य एक शब्द बदलला की मोडतं, त्यावर हाच उपाय आहे. आठवडाभरात ही 63 वाक्यं न अडखळता आली की पुढचा शब्दयोगी घ्या, नाहीतर तिथेच थांबा. घाईने पुढे गेल्यास ‘ऑरम’ आणि ‘अगम’ यांची सरमिसळ होते आणि ती नंतर सोडवणं जास्त कष्टाचं असतं.

सराव प्रसंगाला बांधा. जेवणाआधी भूक, झोपताना झोप, शाळेला निघताना घाई. भूक लागल्यावर म्हटलेलं ‘तॉ ऑक्रस ऑरम’ वहीतल्या दहा वेळच्या लिखाणापेक्षा खोल बसतं. मदत मागण्याची वाक्यंही पहिल्या आठवड्यातच द्या: ‘नी हिगिम’, मला समजत नाही. ‘अबर अरीश ए, ले दो हेल’, कृपया परत सांगा. ‘नीस मल्ये’, अजून हळू. ‘केन ग़ेल्ग्ये अतॉ एर’ आणि पुढे इंग्रजी शब्द, म्हणजे याला आयरिशमध्ये काय म्हणतात. वर्गातलं ‘अन विल क्याद अगम दुल ग दी अन लेहरस?’ हे बाहेर जाण्याची परवानगी मागणारं वाक्य मुलीला आधीच येत असेल, आयर्लंडमध्ये शिकलेल्या बहुतेकांना ते जन्मभर येतं. त्याचा उपयोग करून घ्या: ‘क्याद अगम’, म्हणजे परवानगी माझ्याजवळ. शेवटचे शब्द बदलून खेळायला जाण्याची, चित्र काढण्याची परवानगी मागायला लावा.

कानाची सोय वेगळी करावी लागते. 2022 च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे 71,968 लोक नोंदले गेले. म्हणजे डब्लिनच्या रस्त्यावर ती सहज कानावर पडणार नाही. 1972 पासून चालणारं रेडिओ ना गेल्टाख्टा आणि 1996 मध्ये सुरू झालेली टीजी फोर वाहिनी ही दोन साधनं फुकट आहेत. रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐका. तो छोटा असतो, शब्द तेच ते येतात आणि तो रोज असतो. टँगलन (teanglann.ie) या ऑनलाइन कोशात असंख्य शब्दांचे उच्चार तिन्ही बोलींत ध्वनिमुद्रित आहेत. वरचे देवनागरी उच्चार तिथे तपासून मगच पक्के करा, कारण देवनागरीत ध्वनी जवळपासच लिहिता येतो.

यंत्र-भाषांतराने बनवलेली वाक्यं मुलीला पाठ करायला देऊ नका. इंग्रजी साच्यात ओतलेल्या आयरिशला आयरिश लोक ‘बेरलॉख़स’ म्हणतात, आणि यंत्राकडून तीच जास्त येते. उत्सुकतेने वाट पाहणं म्हणजे ‘पुढे बघणं’ नव्हे, ते ‘तॉ मे अ सूल लेश’. शंका आली तर शब्द शोधू नका, शब्दयोगी शोधा: हे माझ्यावर आहे, माझ्याजवळ आहे, की माझ्यासोबत?

याचा एक उपयोग आईवडिलांनाही आहे. डब्लिनच्या इंग्रजीत आयरिशचे साचे रुजलेले आहेत. सहकारी ‘आय अॅम आफ्टर लूझिंग माय कीज’ म्हणाला तर त्याला किल्ल्या हरवायच्या नाहीत, त्या आत्ताच हरवल्या आहेत. मूळ आयरिश साचा ‘तॉ मे तर एश’, शब्दशः ‘मी अमुक केल्यानंतर आहे’: ‘तॉ मे तर एश इह्ये’, आत्ताच जेवलो. ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे वाटप नव्हे, रागावणं, आयरिश ‘तोर्च अमाख़’वरून आलेलं. मुलीकडून ही दोन वाक्यं आयरिशमध्ये शिकून घ्या. घरात शिकवणारी ती आणि शिकणारे तुम्ही, असा आठवड्यातला एक दिवस ठेवा. त्या दिवशी तिला तुमच्या चुका काढू द्या, आणि कुठे ‘ऑरम’ऐवजी ‘अगम’ झालं ते तिलाच सांगू द्या.